न धुतलेल्या दोन खुर्च्या

६ डिसेंबर

भाचीबाई,

तुमच्या सिनेमाचा पहिला खेळ फुकटात झाला, असं परवा फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलंस. फुकटात? मग ऐक. ड्रायव्हरची रविवारची सुट्टी गेली. टेम्पो सुरू करताना त्याने जी शिवी हासडली ती माझ्यासाठी होती, पण ऐकली सगळ्या गल्लीने. एका खुर्चीचा पाय तुमच्या हॉलच्या पायरीवर मोडला. एका जुन्या गिऱ्हाइकाला मला सांगावं लागलं की खुर्च्या रंगवायला गेल्यात. "प्लास्टिकच्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, आता तशी पद्धत आलीय." तो आता दुसरीकडून खुर्च्या नेतो. आणि तुझ्या मामीच्या मैत्रिणीला त्याच चाळीस खुर्च्या कबूल केलेल्या होत्या, त्यामुळे मामी सध्या माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलते. "भिंतीला म्हणावं, ताट वाढलंय." एवढं सगळं लागलं बघ तुमच्या फुकटाला.

तक्रार करत नाहीये. भाड्याने खुर्च्या देणारा माणूस भाचीला खुर्च्या देणार नाही तर काय देणार? पण फोनवर तू "हो मामा, बरं मामा" करतेस आणि कट्कन ठेवून देतेस. कागदावर तसं चालत नाही, कागद भरावा लागतो. म्हणून हे पत्र. ड्रायव्हर एक शनिवार सोडून तुमच्या वाटेने जातो. शनिवारी खुर्च्या टाकेल, सोमवारी उचलेल. पत्र वरच्या खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेलं असेल. तूही तसंच लाव.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत बांधलेल्या असतात आणि त्यांची गाठ मी स्वतः मारतो. ती सोडायला कुणालाही जमते, पुन्हा तशी मारायला आजवर कुणाला जमलेली नाही, ड्रायव्हरलाही नाही. त्यामुळे माल कुणी मधे हाताळला की मला कळतं. आणि दुसरी: एका सायकलवर चार खुर्च्या बांधून मी हा धंदा सुरू केला तेव्हापासून माझी एकही खुर्ची, तिच्यावर कुणी बूड टेकल्याशिवाय परत आलेली नाही. सभा असो, लग्न असो, कुणी गेलेलं असो. माझी खुर्ची मांडली की माणूस येतो. तेव्हा हॉल भरेल की नाही याचा घोर तू करू नकोस.

आता मला नीट लिही. हे सिनेमे कशासाठी? चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असतेस, सुट्टीच्या दिवशी पाय दुखत नाहीत का? आणि दाजींचा गुडघा कसा आहे? दोन मजले चढताना अजून भिंत धरतात का? गोदामावरची खोली रिकामीच आहे, हे त्यांना सांगू नकोस, चिडतात. पण आहे रिकामी.

तुझा,
मामा


८ डिसेंबर

प्रिय मामा,

आधी गाठीचं. माझी दोन नखं गेली. दाढीने (आमच्यातला चित्रकलेचा मास्तर, दाढी एवढीच त्याची ओळख) ती परत मारायचा अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "तुझा मामा आधी जहाजावर होता की तुरुंगात?" तेव्हा या वेळची गाठ साधी आहे, रागावू नकोस.

कशासाठी, ते सांगते. कारखाना बंद पडला, हे तुला माहीत आहे. आता कंपनीला ही वसाहत रिकामी हवीय. गावाबाहेर नवी इमारत बांधलीय, चार मजली, लिफ्ट नाही. इथली जागा सोडतो म्हणून सही केली की तिथे खोली. आमचं बघणाऱ्या वकीलबाई म्हणतात, फेब्रुवारीअखेर निम्म्याहून जास्त घरं भरलेली असली तर वसाहत पाडायला त्यांना सहजासहजी परवानगी मिळणार नाही. म्हणजे काही करायचं नाहीये मामा, नुसतं राहायचं आहे. पण लोक आपापल्या घरात बसून एकेकटे घाबरतात. शेजारच्याने सही केली का, हे पडद्याआडून बघतात. मिटिंग बोलावली की कुणी येत नाही, मिटिंग म्हटलं की भांडण आलंच. आम्ही म्हटलं, सिनेमा लावू. शेजारी शेजारी बसतील तरी. करमणूक हॉल आपलाच आहे, पण त्यातल्या खुर्च्या कंपनीने केव्हाच उचलून नेल्या. म्हणून तुझ्या.

आम्ही तिघं: मी, दाढी आणि चिमणी. चिमणी वाचनालयात असते आणि कुणाच्याही बापाला घाबरत नाही. प्रोजेक्टर तिने कुठून तरी मागून आणलाय, कुठून ते विचारायचं नाही. पडदा शिवणवाल्या काकूंनी तीन चादरी जोडून शिवून दिला. त्यावर मधोमध शिवण दिसते, त्यामुळे प्रत्येक नायकाच्या नाकावर एक रेघ येते.

खरी मारामारी होते ती सिनेमा निवडताना. दाढीला वाटतं लोकांना चांगलं दाखवावं. चिमणीला वाटतं लोकांना चेतवावं. मला वाटतं लोक आले तरी पुरे. मग दाढीच जिंकतो, कारण तो जास्त वेळ बोलू शकतो. कालचा सिनेमा एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. आधी दाढीने वीस मिनिटं त्याविषयी सांगितलं, नंतर चर्चा ठेवली होती. चर्चेला आम्ही तिघं, काकू आणि बाबा. काकू पडदा परत न्यायला थांबल्या होत्या आणि बाबा झोपले होते. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पाय लांब करून.

गुडघा तसाच आहे. खोलीचं मी बोलले नाही, पण त्यांना कळतं. म्हणाले, "तुझा मामा खुर्च्या पाठवतोय म्हणजे पुढे काहीतरी मागणार."

तुझी,
भाची


२० डिसेंबर

भाचीबाई,

दाजी मला ओळखून आहेत. मागणार तर आहेच. पण आज नाही.

आज तुझ्या दाढीविषयी. ड्रायव्हर गेल्या खेपेला, सोमवारी खुर्च्या लवकर उचलता याव्यात म्हणून, रविवारीच आला होता आणि हॉलच्या दारात बिडी ओढत उभा होता. त्याने मला सांगितलं ते तसंच लिहितो. "मालक, सिनेमा संपला की माणसं उठतच नाहीत, पळतात. एक जण तर चप्पल हातात घेऊन पळाला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणतो, आत मत विचारतात."

कळलं? लोक सिनेमाला घाबरत नाहीत, मत विचारतील याला घाबरतात. ज्यांना दारावर येऊन सही विचारतायत, त्यांना हॉलमध्ये बोलावून तुम्ही मत विचारता. माणसाने जावं कुठे? मी शेकडो सभांना खुर्च्या लावल्यात. मागे उभं राहून ऐकायचं, हेच माझं कॉलेज. वक्ता "आता मी थोडक्यात सांगतो" म्हणाला की मागच्या दोन रांगा सरकतात, हे मी डोळे मिटून खुर्च्यांच्या आवाजावरून सांगू शकतो. आणि "आता आपण सर्वांनी बोलूया" म्हटलं की पुढच्यासुद्धा.

तेव्हा दाढीला म्हणावं, बाबा रे, गप्प बस. आधी बोलू नकोस, नंतर बोलू नकोस, मधे तर अजिबात नको. दिवा घालवा, सिनेमा लावा, दिवा लावा, घरी जा. आणि जरा हसायचं काहीतरी लावा. ज्याच्या घरावर टाच येतेय त्याला घड्याळं दुरुस्त होताना बघून काय करायचंय?

मामी भिंतीवरून आता दारापर्यंत आलीय. "दाराला म्हणावं, भाचीसाठी स्वेटर विणतेय." पाठवतोच पुढच्या खेपेला.

मामा


५ जानेवारी

प्रिय मामा,

गेल्या खेपेला मुद्दामच लिहिलं नाही. आधी करून बघायचं होतं.

केलं. दाढी आठवडाभर फुगला होता. "म्हणजे आपण नुसते सिनेमा लावणारे?" असं पुन्हा पुन्हा विचारायचा. चिमणी म्हणाली, "हो. आणि तू खुर्च्या मांडणारा." गेल्या खेपेच्या रविवारी एका बाईचा सिनेमा लावला. तिचा नवरा रोज वेगळी थाप मारून उशिरा घरी येतो आणि ती रोज त्याच्याहून मोठी थाप मारते. मामा, लोक हसले! आपल्या वसाहतीत किती दिवसांनी कुणी मोठ्याने हसलं. आणि संपल्यावर कुणी पळालं नाही. मत कुणी विचारत नाही म्हटल्यावर सगळे आपणहून बोलायला लागले. शिवणवाल्या काकू: "असल्या नवऱ्याला मी एक दिवस ठेवला नसता." त्यांचे मिस्टर मागून: "तीस वर्षं ठेवलंयस की." हॉल हसून नुसता लोळला. भांडारातले काका आणि वायरमन पाण्याच्या टाकीवरून दोन वर्षं बोलत नव्हते, ते एकाच काडीवर बिड्या पेटवत बाहेर पडले. काल पुन्हा तसाच सिनेमा लावला, पुन्हा तसंच. खुर्च्या कमी पडल्या, लोकांनी घरून स्टुलं आणली.

तू म्हणाला होतास तेच झालं. तुझी खुर्ची मांडली की माणूस येतो. मी दाढीला तसं सांगितलं, तो म्हणाला, "हे वाक्य मामांना कळवू नकोस." कळवलं.

आता लोक एकत्र बसायला लागलेत. डिसेंबरात कुणीही सही केलेली नाही, एकानेही नाही. म्हणून पुढच्या खेळाला आम्ही खरा सिनेमा लावणार आहोत. या वेळी तिघांचं पहिल्याच फटक्यात एकमत झालं, असं आजवर झालेलं नाही. जुना आहे, काळा-पांढरा. धरणाखाली जाणारं एक गाव, त्यातला एक नावाडी. एकेक घर उठतं आणि तो उठत नाही. शेवटी पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा तो आपली नाव दाराच्या चौकटीला बांधतो, आत येऊन कंदील लावतो आणि बसतो. बस, एवढंच. पाणी, उजेड आणि बसलेला माणूस. आम्ही चिमणीच्या घरी पाहिला तेव्हा दाढी रडला आणि रडला हे कबूलही केलं. चिमणी म्हणाली, "हा पाहिल्यावर या वसाहतीतून कुणी हलेल तर शपथ."

आणि मामा, कुणी काही बोलणार नाही. तू सांगितलंस तसं. दिवा घालवायचा, सिनेमा, दिवा लावायचा.

स्वेटर बसला. मामीला म्हणावं, दाराला नव्हे, मामीलाच.

तुझी,
भाची


१९ जानेवारी

प्रिय मामा,

घाईत लिहितेय, ड्रायव्हरकाका टेम्पो चालू ठेवून उभे आहेत. खेळ झाला. हॉल भरला होता. सगळे शेवटपर्यंत बसले, कुणी खोकलंसुद्धा नाही.

ड्रायव्हरकाकांना रिकामंच परत पाठवतेय. खुर्च्या पुढच्या खेपेपर्यंत इथेच राहू देशील का? लोकांना हव्या आहेत.

भाची


७ फेब्रुवारी

भाचीबाई,

हे टपालाने पाठवतोय, टेम्पोपर्यंत दम निघत नाही.

खुर्च्या सोमवारी पोचल्या. तू वर चिठ्ठी लावलेली नव्हतीस, पण मला चिठ्ठी कशाला हवी? मी थप्प्या उतरवून घेतल्या आणि बघतो तर काय, बसायच्या जागेवर चपलांचे ठसे! एकीवर नाही, निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर. मातीचे, स्पष्ट, टाचेसकट. मी ड्रायव्हरला हाक मारली, "अरे, हे बघ." तो म्हणाला, "धुऊन टाकतो मालक." मी म्हटलं, "खबरदार हात लावशील तर!"

खुर्चीवर माणसं उभी राहिली, पोरी! तुला याचा अर्थ माहीत नसेल, मला माहीत आहे. माझ्या इतक्या वर्षांत हे फक्त दोनदा झालं. एकदा कुस्तीच्या फडात आणि एकदा एक गाणारी बाई आली होती तेव्हा. माणसाला बसवत नाही तेव्हाच तो खुर्चीवर उभा राहतो. तू मात्र लिहितेस, "कुणी खोकलं नाही." अगं, सांगायचं तरी! म्हणजे दोन-दोन आठवडे खुर्च्या ठेवून घेतल्यास त्या रोज खेळ लावत होतात म्हणून होय? "लोकांना हव्या आहेत" म्हणे!

दुकानात येईल त्याला मी दाखवतोय. रंगवायला गेलेल्या खुर्च्यांचं ते गिऱ्हाईकही आलं होतं, त्यालाही दाखवल्या. "माझी भाची सिनेमे निवडते," म्हटलं. "निवडते म्हणजे?" "म्हणजे लोक खुर्चीवर उभे राहतात असे निवडते." तो बघतच राहिला. मामीनेही येऊन पाहिलं आणि थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, "एवढी माती घरात आणू नका." पण खूश होती.

बाकीच्या धुतल्या, कामाला लागल्या. दोन मात्र तशाच ठेवल्यात, कपाटावर, उलट्या नाही, सुलट्या. ठसे दिसतील अशा. त्या धुवायच्या नाहीत.

त्या नावाड्याला माझा सलाम सांग. आणि दाढीलाही.

मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा होत आला. रोज उत्तर लिहायला बसत होते. या वेळी खुर्च्या आल्या त्यांची थप्पीही सोडली नव्हती, कारण काल खेळ ठेवलाच नव्हता. तशाच परत पाठवणार होते, मग तुझं ते बूड टेकण्याचं आठवलं. म्हणून सगळ्या थप्प्या सोडून प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसले. वेड्यासारखी, चाळीसच्या चाळीस. गाठी साध्या आहेत, माझ्या आहेत.

आता खरं लिहिते.

त्या दिवशी हॉल खरंच भरला होता. कुणी खोकलं नाही, तेही खरं. शेवटी कंदील लागला तेव्हा मी पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होते. इतके शांत बसले होते की मला वाटलं, झालं, जिंकलो. दिवा लागल्यावर चिमणीने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. लोक उठले. आम्ही दाराशी उभे होतो, ऐकायला. विचारायचं नव्हतं, पण ऐकायला काय हरकत?

वायरमन भांडारातल्या काकांना म्हणाले, "पहिला जो गेला ना, तो शहाणा. वर टेकडीवर जागा मिळाली त्याला, विहिरीजवळ."

"आणि शेवटी गेले त्यांना उतारावरचे दगड," काका म्हणाले.

शिवणवाल्या काकू पडदा घडी करत होत्या. मला म्हणाल्या, "मुली, चांगलं केलंत हो दाखवलंत ते. आम्ही उगाच थांबून राहिलो होतो. बरं झालं, वेळेत कळलं."

मामा, सिनेमात ते आहे. सुरुवातीला, अगदी थोडा वेळ. एक कुटुंब सगळ्यांच्या आधी निघतं, गाव त्यांना नावं ठेवतं, आणि मग एकाच दृश्यात टेकडीवर त्यांचं नवं घर दिसतं, दारात विहीर, तिथे ती बाई पाणी शेंदतेय. आम्ही तो सिनेमा तीनदा पाहिला होता. तिघांपैकी एकालाही ती विहीर दिसली नाही. आम्ही नावाड्याकडेच बघत होतो. हॉलमधल्या एकूण एक माणसाने विहीर पाहिली. कारण नव्या इमारतीत जो आधी सही करेल त्याने आधी मजला निवडायचा आहे, लिफ्ट नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. आणि तू म्हणाला होतास म्हणून दाढीही उठून काही बोलला नाही. बोलला असता तरी काय बोलला असता? त्यांनी सिनेमा चुकीचा पाहिला असं मला म्हणताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या ऑफिससमोर रांग होती. त्याच लोकांची. शेजारी शेजारी उभे होते, गप्पा मारत, थट्टा करत. आम्ही एकत्र आणलेले.

आणि रांगेत सगळ्यात पुढे बाबा होते.

मी तिथेच त्यांना गाठलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही झोपला नव्हतात?" म्हणाले, "नाही गं. हा पूर्ण पाहिला." मग म्हणाले, "चांगला सिनेमा होता. पटला."

तळमजल्याची खोली मिळाली. गुडघ्याचं बघता मी काय बोलणार?

खुर्च्यांचं. घरं सोडताना लोकांना पंखे उतरवायचे होते. दिवे, पडद्यांच्या दांड्या, माळ्यावरचं सामान. शिड्या कुणाकडे असतात? हॉलमध्ये तुझ्या खुर्च्या होत्या. काकू मागायला आल्या, मग वायरमन, मग कुणी विचारतसुद्धा नव्हतं, उचलून न्यायचे आणि आणून ठेवायचे. नाही म्हणण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. दोन आठवडे तुझ्या खुर्च्या घरोघर फिरत होत्या. त्यांच्यावर लोक उभे राहिले ते असे.

आमचा पंखा मी उतरवला. बाबांना चढता येत नाही. तेव्हा कपाटावरच्या ठशांतला एखादा माझ्या चपलेचाही असेल.

त्या दोन खुर्च्या धुऊन टाक, मामा.

निम्म्याहून जास्त घरं रिकामी झालीत, वकीलबाईंनी फोन करायचं थांबवलंय. हॉलला कुलूप लागणार आहे. त्याआधी १ मार्चला शेवटचा खेळ करायचं चिमणीने ठरवलंय. दाढी म्हणतो कशाला? ती म्हणते, जाहीर केलेलं आहे म्हणून. दहा खुर्च्या पाठव. दहा पुरतील.

भाची


२८ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र वाचलं. मामीला वाचून दाखवायला घेतलं आणि "पटला" या शब्दाशी आल्यावर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढचं मनात वाचलं.

खुर्च्या अजून धुतलेल्या नाहीत. धुईन. कपाटावरून खाली मात्र काढल्यात.

एक ऐक. दाढीला मीच गप्प बसवलं, तेव्हा निम्मा सिनेमा माझाही. पण तो बोलला असता तरी लोकांनी विहीरच पाहिली असती. तहान लागलेल्या माणसाला कंदील दाखवून काय होतं? दाजींना मी फोन केला होता. मला वाटलं, थोडं रागवावं. ते म्हणाले, "मेव्हणे, पोरगी माझ्याशी बोलते, पण तोंडाकडे बघत नाही." मग मी काय रागावणार? नव्या खोलीत ऊन येतं का, एवढं विचारलं. म्हणाले, सकाळचं येतं.

गोदामावरच्या खोलीचं मी आता काढत नाही. तुला हवी असेल तर ती आहे, त्यांना नको असेल तर नाही.

पण दहा खुर्च्या? अगं, शेवटचा खेळ आहे! मी शंभर पाठवतोय. तू अजून लहान आहेस. जागा सोडून गेलेली माणसं शेवटच्या दिवशी फिरकतात, हे मी पाहिलंय. दुकानं बंद होताना पाहिलंय, शाळा बंद होताना पाहिलंय. आदल्या दिवसापर्यंत कुणी नसतं आणि त्या दिवशी उभं राहायला जागा नसते. नवी इमारत काय आहे, बसने एवढीशी. काकू येतील, काकूंचे मिस्टर येतील, नवऱ्याच्या थापांवर पुन्हा हसतील. तुम्ही तोच सिनेमा लावा, थापांचा. शंभर खुर्च्या मांडा, दार सताड उघडं ठेवा आणि बघा. माझ्या खुर्चीचा शब्द आहे हा.

दहा थप्प्या आहेत. सगळ्यांच्या गाठी मी आज स्वतः मारल्यात, हात अजून दुखतायत. नखं सांभाळ.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

तू म्हणालास तसंच झालं. खूप माणसं आली. काकू आल्या होत्या, त्यांचे मिस्टरही. वायरमन, भांडारातले काका, सगळे. थापांचाच सिनेमा लावला. खूप हसले. मागे काही जण उभेही होते. बाबासुद्धा बसने आले, पहिल्या रांगेत बसले, कडेच्या खुर्चीवर.

तुझ्या खुर्च्या उपयोगी पडल्या. शंभरच्या शंभर.

आज हॉलची किल्ली दिली. पडदा काकूंना परत द्यायचा होता, तो अजून माझ्याकडेच आहे, नेऊन देईन. चिमणी वाचनालयात रोजच्यासारखी गेली. दाढीला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, जाईल बहुतेक.

तू दहा पाठवायला हव्या होत्यास, पण शंभर पाठवल्यास ते बरं झालं. मामीला नमस्कार.

तुझी,
भाची


४ मार्च

भाचीबाई,

तुझं पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "बघा, आले ना लोक!" मी म्हटलं, हो, आले.

पडदा काकूंना एवढ्यात परत देऊ नकोस. त्या मागणार नाहीत. घडी करून इकडे घेऊन ये, सुट्टी मिळेल तेव्हा. इथे कुणाला सिनेमे दाखवायचेत म्हणून नाही, नुसती ये. दाजींना घेऊन आलीस तरी चालेल. गोदामाचा जिना आहे, पण खाली माझ्या खोलीत त्यांची व्यवस्था करू, मी वर झोपेन. मामीनेच सुचवलंय.

त्या दोन खुर्च्या काल धुतल्या. स्वच्छ निघाल्या.

शंभर खुर्च्या सोमवारी पोचल्या. मी स्वतः टेम्पोत चढून उतरवून घेतल्या. दहाच्या दहा थप्प्यांना गाठ माझ्या हातची होती.

मामा